जुन्या सिनेमांतले गाड्यांचे पाठलाग: एवढं काय आहे त्यांच्यात?

चौथा_गिअर | शनिवार, रात्री ११:४०

मंडळी, लेक दहावीत आहे. त्याला शेजारी बसवून आज 'बुलिट' लावला. १९६८चा, स्टीव्ह मॅक्वीनचा. पहिला तास पोरानं कसाबसा काढला, दर दहा मिनिटांनी "बाबा, गाड्या कधी?" चालूच. मग एकदाची ती हिरवी मस्टँग आणि काळी डॉज चार्जर सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर सुटली आणि जवळजवळ अकरा मिनिटं तो गप्प होता. संपल्यावर म्हणाला, "बरं होतं. पण एवढं काय त्यात? एकच तर स्फोट, तोही शेवटी."

मला पटकन उत्तर सुचेना, म्हणून इथे विचारतोय.

माझं मत थोडक्यात सांगतो. त्या पाठलागात गाडीला वजन आहे. चढ संपतो तिथे मस्टँग हवेत जाते, मग खाली आदळते, स्प्रिंगा दबतात, चार्जरच्या चाकावरची टोपी निसटून घरंगळत जाते. एका ठिकाणी मॅक्वीनचं वळण हुकतं. तो टायरमधून धूर काढत गाडी मागे घेतो आणि पुन्हा पाठीमागे लागतो. हा तुकडा सहज कापता आला असता, पण ठेवलाय. पुढच्या कोपऱ्यावर काय होणार हे चालवणाऱ्यालाही ठाऊक नाही, असं बघताना सतत वाटत राहतं. मला वाटतं सगळी गंमत तिथे आहे.

दुसरं म्हणजे संगीत. दोन्ही गाड्या एकमेकींचा अंदाज घेत हळूहळू फिरतात तोवर लालो शिफ्रिननं झकास वाजवलंय. मग चार्जरचा ड्रायव्हर शांतपणे सीटबेल्ट लावतो, गाडी सुटते आणि संगीत बंद. तिथून पुढे नुसती इंजिनं. आजचा कुठला दिग्दर्शक एवढा गप्प बसेल?

तर प्रश्न दोन. तुम्हाला हे जुने पाठलाग आवडतात का, आणि का? आणि पोराला पुढचा कुठला दाखवू?

खोपोलीकर | शनिवार, रात्री ११:५२

पहिला! मोबाइलवर आहे, उद्या सविस्तर लिहितो. घाटातला अनुभव आहे एक.

मंजिरी_के | रविवार, सकाळी ७:१५

रात्री पावणेबाराला दहावीच्या मुलाबरोबर सिनेमे? आधी त्या धाग्यावर बोलू का? :)

बाकी प्रश्न छान आहे. मला स्वतःला पाठलाग सुरू झाला की पाणी प्यायला उठावंसं वाटतं. एकाच सिनेमात उठले नव्हते, पण तो कोणीतरी सांगेलच, थांबते.

रिळवाला | रविवार, सकाळी ९:०३

चौथा गिअर, मुद्दा आवडला, पण अर्धाच. तुम्ही ज्याला गाडीचं वजन म्हणताय ते बरंचसं संकलनाच्या (एडिटिंगच्या) टेबलावर तयार झालंय. मी आयुष्यभर तेच काम केलं, तेव्हा थोडं पाल्हाळ सहन करा.

'बुलिट'ला ऑस्कर कशाचं मिळालं? संकलनाचं. फ्रँक केलर. तीन वर्षांनी 'फ्रेंच कनेक्शन'ला पाच मिळाली, त्यात पुन्हा संकलनाचं आहे, जेराल्ड ग्रीनबर्ग. दोन्ही ठिकाणी लोकांना आठवतो तो पाठलाग. हा योगायोग नाही.

पाठलाग कापताना पहिली अडचण अशी की प्रेक्षकाला कोण पुढे आणि कोण मागे हे क्षणभरही विचारावं लागता कामा नये. म्हणून गाडी पडद्यावर डावीकडून उजवीकडे जात असेल तर पुढच्या तुकड्यातही तशीच जायला हवी. उलटवायची असेल तर मध्ये एखादं वळण दाखवायचं किंवा समोरून येणारी गाडी. हे नियम मोडले की कितीही वेग असला तरी नुसता गोंधळ दिसतो. हल्लीच्या सिनेमांत एकेका सेकंदाचे तुकडे लावतात, त्यातला एकही नीट बघून होत नाही. वेग वाटतो, पण गाडी कुठून कुठे गेली ते विचारू नका.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याच्या वेगाची. सेकंदाला २४ चौकटींऐवजी (फ्रेम्सऐवजी) कमी चौकटी घेतल्या की पडद्यावर सगळं भरभर पळतं. जुनी युक्ती, मूकपटांच्या काळापासूनची. 'फ्रेंच कनेक्शन'चा छायालेखक ओवेन रॉइझमननं काही भाग १८ चौकटींनी घेतला होता. 'बुलिट'वाल्यांनी मात्र गाड्या खरोखरच पळवल्या, ताशी ११० मैलांच्या वर. त्यामुळे रस्त्यावरची माणसं, धूळ, गाडीचं डोलणं सगळं खऱ्या गतीनं दिसतं. तुम्हाला जे वजन जाणवलं त्यात याचा वाटा मोठा आहे.

आणि संगीत बंद करण्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण त्यासाठी इंजिनाच्या आवाजावर वेगळी मेहनत घ्यावी लागते. गियर बदलताना किंचित खंड पडतो ना, तोच ताल.

बे_एरियातला_बंड्या | रविवार, सकाळी ९:४८

रिळवाले काका, दंडवत. पण गाडी कुठून कुठे गेली हे 'बुलिट'मध्ये कळतं म्हणालात, तिथे इथल्या माणसाला हसू येतं :)

मी दक्षिणेला सॅन होजेत राहतो, आईबाबा आले की त्यांना शहर दाखवायला नेतो आणि माझा बेत गुपचूप 'बुलिट'चे कोपरे बघण्याचा असतो. पाठलाग सुरू होतो शहराच्या दक्षिण भागात, बर्नल हाइट्सजवळ. एक वळण घेतात की पोट्रेरो हिल. पुढचं वळण घेतात की थेट उत्तरेला रशियन हिलचे उतार. मध्ये मैलन्मैल गायब. मग मरीना, आणि तिथून एकदम शहराबाहेरचा ग्वादालुपे कॅन्यनचा डोंगररस्ता. हा मार्ग जसाच्या तसा चालवून दाखवणाऱ्याला माझ्याकडून मिसळ.

शिवाय ती हिरवी फोक्सवॅगन बीटल. उतारावरून दोघंही तिला ओव्हरटेक करतात. मग पुन्हा करतात. मग पुन्हा. कारण तो एकच तुकडा वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी घेतला आणि सगळे कोन वापरले. चार्जरच्या चाकांवरच्या टोप्याही मोजा. चार चाकांना जितक्या असायला हव्यात त्याहून जास्त निखळतात.

आणि तरीही मी तो सिनेमा कितीही वेळा बघतो.

टपरीवरचा_तज्ज्ञ | रविवार, सकाळी ९:५५

तो बीटलवाला पुण्यातला असता तर दुसऱ्या ओव्हरटेकलाच गाडी आडवी घालून "काय हो, परत परत काय?" विचारलं असतं. पाठलाग तिथेच संपला असता.

रिळवाला | रविवार, सकाळी १०:१०

बंड्या, तुझं म्हणणं माझ्याच मुद्द्याला बळ देतंय. नकाशा खोटा असला तरी चालतो. चढ, उतार, कोपरा आणि दोन गाड्यांमधलं अंतर खरं वाटलं पाहिजे. तू तिथे राहतोस म्हणून तुला दिसलं. मी अलका टॉकीजच्या खुर्चीत बसून पाहिलेल्याला कधी शंकाही आली नाही.

नवा_कोरा | रविवार, सकाळी ११:३०

असहमत. मोठ्यांचा मान राखून सांगतो, हे निम्मं स्मरणरंजन आहे. तुम्ही लोकांनी हे सिनेमे विशीत पाहिले, म्हणून ते थोर.

'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' २०१५चा आहे. जवळजवळ अख्खा सिनेमा म्हणजे एक पाठलाग. नामिबियाच्या वाळवंटात खऱ्या गाड्या, खरी माणसं, बांबूसारख्या लवणाऱ्या खांबांवर लटकलेली. तुकडे अतिशय छोटे आहेत, रिळवाले काका, तरी एकदाही गोंधळ होत नाही. कारण मार्गारेट सिक्सेलनं बघण्याची गोष्ट दर वेळी चौकटीच्या मधोमध ठेवली, डोळ्याला शोधावं लागत नाही. तिलाही संकलनाचं ऑस्कर मिळालंय. म्हणजे छोटे तुकडे वाईट हा नियम निकालात.

आणि जुन्यांतले बरेच सिनेमे पाठलाग सोडला तर रटाळ आहेत, हे कोणी बोलत नाही. त्या दहावीतल्या भावाशी मी सहमत. 'बुलिट'चं कथानक कोणाला एका दमात सांगता येईल? खरं सांगा.

चौथा_गिअर | रविवार, दुपारी १२:०५

कथानक... एक साक्षीदार असतो, त्याला... मग तो... जाऊ दे. गाडी छान आहे.

डॉ_धडधडे | रविवार, दुपारी १:२०

फ्युरी रोड निघाला म्हणून लिहितो. त्याचा दिग्दर्शक जॉर्ज मिलर शिकलेला डॉक्टर. सिडनीच्या रुग्णालयात अपघाताच्या केसेस बघत होता आणि त्याच काळात १९७९च्या पहिल्या 'मॅड मॅक्स'ची जुळवाजुळव चालू होती. तो सिनेमा बघताना मला हे कळतं. बहुतेक सिनेमांत गाडी चार कोलांट्या मारते आणि हिरो कपाळावर एक लाल रेघ घेऊन बाहेर येतो. मिलरच्या पहिल्या सिनेमात माणूस मोडतो. गुडघा गेला तर गेलाच, पुढे लंगडतो.

मी अस्थिरोग विभागात काम करतो. घरी कोणी पाठलाग लावला की माझ्या डोक्यात आपोआप यादी सुरू होते: मांडीचं हाड, ओटीपोट, मान. मजा जाते थोडी, पण मुद्दा हा की परिणाम दाखवणारा पाठलाग जास्त धरून ठेवतो. जुना की नवा हा प्रश्नच नाही.

सानिका_प | रविवार, दुपारी २:४५

मला यातली एक गोष्ट कायम खटकते आणि इथे अजून कोणी बोललं नाही म्हणून सांगते.

चौथा गिअर म्हणतात, पुढे काय होणार हे चालवणाऱ्यालाही ठाऊक नाही यातच गंमत. 'फ्रेंच कनेक्शन'मध्ये हे अक्षरशः खरं होतं. ब्रुकलिनमध्ये वर खांबांवरून धावणारी रेल्वे, तिच्यात पळणारा मारेकरी, आणि खाली त्याच खांबांमधून पॉन्टिअॅक दामटणारा जीन हॅकमन. त्यातला बराच भाग रीतसर परवानगी न घेता, चालू रहदारीत घेतलाय. स्टंट ड्रायव्हर बिल हिकमननं टपावर एक दिवा लावून गाडी सुसाट सोडली. मागच्या सीटवर दिग्दर्शक फ्रीडकिन स्वतः कॅमेरा धरून बसला होता, कारण बाकीच्या कॅमेरामन लोकांना बायकामुलं होती आणि याला नव्हती. रस्त्यावरच्या लोकांना काही कल्पना नाही. एका चौकात जी टक्कर दिसते ती ठरवलेली नव्हती. कामावर निघालेला एक माणूस मध्ये आला. नंतर त्याच्या गाडीचा खर्च भरून दिला म्हणे आणि तुकडा सिनेमात ठेवला.

आपण तो क्षण बघून वा म्हणतो. त्या माणसाच्या जागी शाळेची व्हॅन असती तर? पुढे फ्रीडकिननंच मुलाखतींत सांगितलं की आता असं कधीच करणार नाही. पण तोवर ऑस्कर घेऊन झालं होतं. मला सिनेमा आवडतो, हॅकमन तर फारच. पण ती टक्कर आली की आता आवडीनं बघवत नाही.

मुक्त_पाखरू | रविवार, दुपारी ३:०२

+१ सानिका. त्याच पाठलागात गाडीसमोर येणारी बाबागाडीवाली बाई मात्र ठरवून घेतलेली होती, एवढाच दिलासा.

चौथा_गिअर | रविवार, दुपारी ३:३०

सानिकाताई, मुद्दा बिनतोड आहे. पण प्रश्न राहतोच. हे माहीत नसताना मी तो तुकडा पाहिला तेव्हाही खुर्चीच्या कडेला आलो होतो. म्हणजे धोका खरा होता म्हणून परिणाम झाला, की हॅकमनच्या चेहऱ्यामुळे? तो स्टिअरिंगवर हात आपटतो, शिव्या घालतो, मान काढून वर गाडी दिसते का बघतो. मॅक्वीन थंड, हा पेटलेला. दोन पाठलागांत दोन वेगळी माणसं कळतात, संवाद एकही नाही.

रिळवाला | रविवार, दुपारी ४:१५

चेहऱ्यामुळे. आणि फ्रीडकिन सांगायचा की तो पाठलाग कापताना सांतानाचं 'ब्लॅक मॅजिक वुमन' त्याच्या डोक्यात होतं. सिनेमात ते गाणं नाही, पण कापण्याची लय तिथून आली. टक्कर नसती तरी तो पाठलाग उभा राहिला असता. सानिकाच्या बाजूनं माझं मत.

गॅरेजवाला_गण्या | रविवार, सायं. ६:००

बिल हिकमनचं नाव निघालं तर त्याच्याबद्दल थोडं. 'बुलिट'मध्ये चार्जरमधला तो चष्मेवाला सीटबेल्ट लावणारा ड्रायव्हर म्हणजेच हा. म्हणजे बदली माणूस नाही, पडद्यावर त्याचाच चेहरा आहे. 'फ्रेंच कनेक्शन'मध्ये तोच, आणि १९७३च्या 'सेव्हन-अप्स'मध्येही तोच. तिन्हींत निर्माता फिलिप डी'अँटोनी. सगळ्यात चटका लावणारी गोष्ट म्हणजे ३० सप्टेंबर १९५५ला जेम्स डीन पोर्शे घेऊन निघाला आणि मेला, तेव्हा त्याच्या मागून दुसऱ्या गाडीत येणारा त्याचा मित्र हिकमन होता.

मॅक्वीनच्या बाजूनंही थोडं खरं बोलू. अवघड भाग बड एकिन्सनं चालवला. 'द ग्रेट एस्केप'मध्ये कुंपणावरून मोटरसायकल उडवणारा तोच. सांगतात की मस्टँगच्या आरशात मॅक्वीनचा चेहरा दिसत असेल तर तो स्वतः चालवतोय, आरसा फिरवलेला असेल तर दुसरं कोणी.

ती मस्टँग नंतर न्यू जर्सीतल्या एका कुटुंबानं घेतली आणि घरची गाडी म्हणून वापरली. घरातल्या बाई शिक्षिका, शाळेत जायला हीच गाडी! १९७७ला मॅक्वीननं पत्र लिहून परत मागितली तर दिली नाही. जानेवारी २०२०ला लिलावात ३४ लाख डॉलरची बोली लागली, वरचं कमिशन धरून ३७ लाखांवर. आमच्याकडे गिऱ्हाईक जुनी गाडी आणतं आणि म्हणतं "हिची काय किंमत येईल?" त्यांना मी हीच गोष्ट सांगतो. मग ते दुरुस्तीचं बिल मुकाट भरतात.

पंचगंगा_एक्स्प्रेस | रविवार, सायं. ६:२०

नाद खुळा माहिती गण्याभाऊ. पर येक सांगा, हिंदी पिच्चरमधी हिरो गाडी चालवताना स्टिअरिंग एवढं का हलवायचा? मागं रस्ता सरळ, ह्यो गडी डावं-उजवं, डावं-उजवं. लहानपणी मला वाटायचं मुंबईत गाडी तशीच चालवत्यात.

रिळवाला | रविवार, सायं. ६:४१

ठ्ठो! मागे पडद्यावर रस्त्याचं चित्रीकरण चालू आणि गाडी स्टुडिओत उभी. दोन माणसं बंपर हलवत बसायची. नट बिचारा स्टिअरिंग नाही हलवणार तर काय करणार.

सदोबा_फ्रॉम_नागपूर | रविवार, रात्री ८:१०

आपल्याकडे असे पाठलाग का झाले नाहीत यावर माझं गणित ऐका.

सत्तरच्या दशकात अमेरिकन सिनेमावाले गाड्या कोंबड्यांसारख्या कापत होते. १९७४चा 'गॉन इन सिक्स्टी सेकंड्स' घ्या, शेवटचा पाठलाग चाळीस मिनिटांचा, सिनेमात ९३ गाड्या भंगारात. आपल्याकडे त्याच वेळी फियाट हवी असेल तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. लायसन्स राज, आयात बंद. अॅम्बॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड, संपलं. ज्या गाडीसाठी बापानं इतकी वर्षं वाट पाहिली ती पडद्यावर खड्ड्यात टाकलेली बघवेल का कोणाला? आणि फियाटचं इंजिन १०८९ सीसी. त्या 'बुलिट'च्या चार्जरचं सात लिटरच्या वर होतं ना बाप्पा. रस्तेही नव्हते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला २००२ला.

म्हणून आपला सगळ्यात भारी पाठलाग गाड्यांचा नाहीच. 'शोले'ची ती मालगाडी आणि घोडे. पनवेलच्या बाजूला रेल्वेमार्गावर आठवडेच्या आठवडे शूटिंग चाललं आणि साहसदृश्यांसाठी इंग्लंडहून माणसं आणली. कोण पुढे कोण मागे, कोण टपावर कोण डब्यात, सगळं लख्ख कळतं. रिळवाले काकांचा नियम तंतोतंत.

नवा_कोरा | रविवार, रात्री ८:३०

हे मस्त. आणि धावत पाठलाग चालत असेल तर 'ब्लॅक फ्रायडे'. पोलीस धारावीच्या गल्ल्यांमधून एकाच्या मागे धावतात, धावतात, सगळे दमतात, चालायला लागतात, तरी पाठलाग चालूच. मी बघितलेल्यांत सगळ्यात खरा.

मुक्त_पाखरू | रविवार, रात्री ८:४४

आणि उदयपूरमधल्या बाँडच्या रिक्षा विसरलात? 'ऑक्टोपसी', १९८३. टेनिसपटू विजय अमृतराज रिक्षा चालवतो आणि गुंडांना टेनिसच्या रॅकेटनं हाणतो. आजूबाजूचे लोक टेनिस बघितल्यासारखे माना डावी-उजवीकडे करतात. वाह्यात आहे, पण मला आवडतं.

गॅरेजवाला_गण्या | रविवार, रात्री ९:०५

बाँडचा विषय असेल तर 'मॅन विथ द गोल्डन गन'मधली उडी. १९७४. तुटक्या पुलावरून गाडी हवेत पूर्ण गिरकी घेऊन पलीकडे चाकांवर उतरते. आधी संगणकावर हिशेब केला होता: गाडीचं वजन, वेग, रॅम्पचा पीळ, सगळं. पहिल्याच प्रयत्नात जमली. आणि एवढ्या अचाट कामावर त्यांनी काय आवाज टाकला? शिट्टीचा, सर्कशीतल्या विदूषकाचा! मला दर वेळी राग येतो. ज्यानं शिट्टी वाजवली त्या संगीतकारालाही, जॉन बॅरीला, नंतर पस्तावा झाला.

बे_एरियातला_बंड्या | रविवार, रात्री १०:१२

आवाजावरून आठवलं. क्लोद लेलूशची १९७६ची आठ-नऊ मिनिटांची फिल्म आहे, पहाटेचं पॅरिस, गाडीच्या पुढे लावलेला कॅमेरा, एकही काप नाही, लाल दिवे तोडत थेट मोंमार्त्रच्या टेकडीवर. पाठलागही नाही, कोणी मागे नाहीच. ऐकून वाटतं फेरारी आहे. गाडी होती मर्सिडीज ४५० एसईएल, ऐसपैस सेदान. फेरारीचा आवाज नंतर चढवला.

आता सानिकाताईंचा आक्षेप इथे जास्तच लागू आहे. रस्ता बंद केलेला नव्हता. धोका खरा, आवाज खोटा. चौथा गिअर साहेब, तुमच्या व्याख्येत हे कुठे बसवायचं?

चौथा_गिअर | सोमवार, सकाळी ८:२०

कुठेच नाही. ऑफिसला निघालोय, संध्याकाळी विचार करतो.

खोपोलीकर | सोमवार, सकाळी १०:३५

आलो. सगळ्यांनी गाड्या मोडल्या, स्फोट केले, पण 'ड्युएल'चं नाव कोणी घेतलं नाही? १९७१, टीव्हीसाठी केलेला, स्पीलबर्ग तेव्हा जेमतेम चोविशीतला. लाल प्लिमथ घेऊन निघालेला एक साधा विक्रीवाला, डेनिस वीव्हर. तो एका कळकट टँकरला ओव्हरटेक करतो. बास. टँकर मागे लागतो. का, ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. टँकरवाल्याचा चेहरा दिसत नाही, फक्त हात आणि बूट.

बघण्यासारख्या जागा सांगतो. टँकरच्या पुढच्या बंपरवर वेगवेगळ्या राज्यांच्या नंबरप्लेटा लावल्यात. कोणी काही बोलत नाही, पण आधीची शिकार किती ते समजतं. शेवटी टँकर दरीत जातो तेव्हा स्फोट नाही. वाहिनीवाल्यांना हवा होता, स्पीलबर्ग ऐकला नाही. लोखंड चुरगळत हळूहळू खाली जातं आणि त्यात एका जनावराच्या ओरडण्याचा आवाज मिसळलाय. तोच आवाज पुढे 'जॉज'मध्ये शार्कला वापरला. आणि तो टँकर चालवणारा केरी लॉफ्टिन, 'बुलिट'च्या साहसदृश्यांचा प्रमुख. गण्याभाऊंच्या यादीत एक नाव वाढवा.

अनुभव सांगतो म्हणालो होतो. जुन्या घाटात, पावसात, रात्री, माझ्या मागे एक टँकर लागला होता. दिवे आरशात, हॉर्न नाही, ओव्हरटेकही करत नाही. मी हळू केलं की तो हळू. खोपोलीत टपरीवर थांबलो तर तोही थांबला. ड्रायव्हर उतरून म्हणाला, "साहेब, माझा एक दिवा गेलाय, तुमच्या दिव्यांच्या उजेडात उतरलो. थँक्यू." चहाचे पैसेही त्यानंच दिले.

मंजिरी_के | सोमवार, सकाळी १०:५०

हाच तो! मी म्हटलं होतं ना एकाच सिनेमाला उठले नव्हते. खोपोलीकर, किस्सा भन्नाट.

मला 'ड्युएल' का आवडला सांगू? बाकी सगळ्यांत चालवणारा हुशार असतो. हा माणूस माझ्यासारखा चालवतो. घाबरतो, घाम पुसतो, ढाब्यावर बसून स्वतःशी वाद घालतो की पोलिसांना सांगू की नको, सांगितलं तर कोण विश्वास ठेवेल. गाडी चालवणाऱ्या कुठल्याही बाईला हे संभाषण पाठ असतं.

सानिका_प | सोमवार, सकाळी ११:१५

मंजिरी, शेवटच्या वाक्याला टाळ्या.

गॅरेजवाला_गण्या | सोमवार, दुपारी १:१०

सानिकाताईंच्या प्रश्नाचं माझ्या मते सगळ्यात चांगलं उत्तर जॉन फ्रँकेनहाइमरनं दिलंय, 'रोनिन', १९९८. पॅरिस आणि नीस. रस्ते ताब्यात घेऊन, शेकडो प्रशिक्षित ड्रायव्हर आजूबाजूच्या 'रहदारीत' पेरून. आणि नटांचे चेहरे खऱ्या वेगात हवेत म्हणून काय केलं, तर आपल्यासारख्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या आणल्या. नट डावीकडे खोटं स्टिअरिंग धरून बसलाय, खरी गाडी उजवीकडचा पट्टीचा ड्रायव्हर पळवतोय. नटांच्या तोंडावरची भीती शंभर टक्के अस्सल. रस्त्यावरच्या बाकी कोणाचा जीव टांगणीला नाही.

नवा_कोरा | सोमवार, दुपारी १:२५

म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलची गाडी.

डॉ_धडधडे | सोमवार, दुपारी १:४०

शेजारी बसलेल्याची भीती जास्त असते हे बायकोच्या शेजारी बसणारा कोणीही सांगेल. (बायको हा धागा वाचत नाही.)

मंजिरी_के | सोमवार, दुपारी १:४४

वाचते. मी तिला लिंक पाठवली आहे.

सदोबा_फ्रॉम_नागपूर | सोमवार, दुपारी २:३०

मी 'गॉन इन सिक्स्टी सेकंड्स' म्हणालो तर एक पुरवणी. तो बनवणारा एच. बी. हॅलिकी स्वतःच लेखक, दिग्दर्शक, निर्माता, हिरो आणि ड्रायव्हर. गाड्याही बऱ्याच स्वतःच्याच. १९८९ला पुढचा भाग करताना पाण्याची टाकी पाडण्याच्या दृश्याची तयारी चालू होती, तेव्हा तार तुटून खांब अंगावर पडला आणि तो गेला. तेव्हापासून मी आधीसारखं "९३ गाड्या!" असं ओरडून सांगत नाही.

चौथा_गिअर | मंगळवार, रात्री १०:०५

खोपोलीकरांच्या सांगण्यावरून काल लेकाला 'ड्युएल' दाखवला (मंजिरीताई, साडेआठला लावला, दहाला दिवे बंद). एकदाही "गाड्या कधी" नाही, कारण गाडी पहिल्या मिनिटापासून. नंबरप्लेटा त्यालाच आधी दिसल्या. शेवटी टँकर पडला तेव्हा म्हणाला, "फुटला नाही ते बरं झालं." शनिवारी जो मुलगा एकच स्फोट म्हणून कुरकुरत होता, त्याचं हे वाक्य! जेवताना आमचं भांडण एकाच गोष्टीवर: टँकरवाला माणूस होता की नव्हताच.

बंड्याच्या प्रश्नावर: लेलूशच्या फिल्ममध्ये मला चालवणारा दिसत नाही, म्हणून वेग दिसतो पण पुढे काय होणार याची काळजी वाटत नाही. 'ड्युएल'मध्ये सत्तरच्या वेगातही जीव वरखाली होतो. मी पहिल्या पोस्टमध्ये वजन म्हणालो, त्यात आता घामही धरा.

पुढचा 'रोनिन' ठरलाय. लेकाची अट आहे की त्याआधी गणिताची चाचणी झालेली असावी. ही अट त्याच्या आईची आहे, तो फक्त वाचून दाखवतोय.

टपरीवरचा_तज्ज्ञ | मंगळवार, रात्री १०:२०

पोरगं समजदार आहे. 'ब्लूज ब्रदर्स' कोणी सांगितला नाही अजून? १९८०. पोलिसांच्या गाड्यांची रास. बंद पडलेल्या मॉलच्या आतून पाठलाग, दुकानांतून, काचांतून, आणि दोघं भाऊ आत बसून शांतपणे कुठली दुकानं आली यावर गप्पा मारतायत. दहावीच्या पोराला हाच दाखवा, गणित गेलं खड्ड्यात.

नवा_कोरा | मंगळवार, रात्री १०:२६

त्यात १०३ गाड्या मोडल्यात. सदोबांच्या ९३चा विक्रम तिथे तुटला.

सदोबा_फ्रॉम_नागपूर | मंगळवार, रात्री १०:३१

मोडल्या खऱ्या, पण त्यांच्यामागे अख्खा स्टुडिओ होता. हॅलिकीनं एकट्यानं मोडल्या. हिशेब माणशी करा ना बे.

पंचगंगा_एक्स्प्रेस | मंगळवार, रात्री १०:४०

माणशी हिशेब केला तर आमच्या गल्लीतला एक गडी पयला येतोय. आत्तापत्तुर तीन गाड्या, आन पाठलाग कुणीच करत न्हवतं.